मोने मावशीच्या गावी: खडकामागचं मोनेमवासिया

शुक्रवार

अथेन्सहून सकाळच्या बसने निघालो. आम्ही चौघं. मी आणि बायको ठाण्याचे, साडू आणि मेहुणी नेरूळचे. साडूंना सगळे नाना म्हणतात. मेहुणी बायकोहून मोठी, म्हणून तिला मीही ताईच म्हणतो. ग्रीसचं ठरलं तेव्हा त्या तिघांच्या यादीत सांतोरिनी पहिलं होतं. माझी अट एवढीच की एक तरी किल्ला हवा, आणि तो समुद्रातला हवा. जंजिरा, पद्मदुर्ग, अर्नाळा, सिंधुदुर्ग पालथे घातलेल्या माणसाला निळ्या घुमटासमोर उभं राहून फोटो काढण्यात किती रस असणार? शेवटी तह झाला. त्यांचं सांतोरिनी, माझं मोनेमवासिया. हे नाव नानांच्या तोंडात बसेना. त्यांनी त्याची ‘मोने मावशी’ केली आणि मग प्रवासभर आम्ही मोने मावशीकडेच निघालो होतो.

अंतर 300 किलोमीटरच्या आसपास. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीज नावाचा पंजासारखा भूभाग आहे, त्याच्या आग्नेय टोकाकडे हे गाव. वाटेत कोरिंथचा कालवा लागतो. रोमन सम्राट नीरोने इ.स. 67 मध्ये तो खणायला घेतला आणि प्रत्यक्षात तो 1893 साली खुला झाला. आपल्याकडच्या रखडलेल्या धरणांना नावं ठेवणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. पुलावरून दोन्ही बाजूंचे तासलेले कडे आणि तळाशी हिरवट पाण्याची चिंचोळी पट्टी दिसली, आणि फोन बाहेर काढेपर्यंत मागेही पडली. पुढे त्रिपोली, मग स्पार्टा. स्पार्टाला बस बदलली. त्यानंतर ऑलिव्ह, ऑलिव्ह आणि ऑलिव्ह. ताईंनी नेरूळहून आणलेला चिवडा इथे संपला.

दुपार कलताना समुद्र दिसला आणि समुद्रात तो खडक. नुसता खडक. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, वर सपाट, बाजूंनी तुटलेला, लालसर करडा. किनाऱ्यावर गेफिरा नावाचं नवं गाव आहे, तिथे बस थांबते. आम्ही उतरून बघतच राहिलो. नाना म्हणाले, “अहो, गाव कुठाय? तुमच्या मावशीनं घर बदललेलं दिसतंय.”

गाव खडकाच्या पलीकडच्या अंगाला आहे. किनाऱ्यावरून त्याचं एक कौलही दिसत नाही, आणि ते तसंच असावं म्हणून जागा निवडलेली आहे. सहाव्या शतकात स्लाव टोळ्यांच्या धाडी वाढल्या, तेव्हा लाकोनिया प्रांतातले लोक घरदार सोडून या खडकावर येऊन राहिले. जमिनीवरून येणाऱ्याला दिसायला फक्त कडा, आणि आत शिरायला 200 मीटरची एक चिंचोळी वाट. आज तिथे भराव आणि छोटा पूल आहे.

पूल ओलांडला की रस्ता कड्याच्या पायथ्याने जातो. डावीकडे कडा, उजवीकडे पाणी, कडेला उभ्या केलेल्या गाड्यांची रांग. आणि मग एकदम तटबंदी आडवी येते. कड्यापासून निघालेली भिंत थेट समुद्रात उतरते आणि तिच्यात एकच दरवाजा. आत शिरल्यावर वाट काटकोनात वळते. आपल्याकडे गोमुखी म्हणतो त्यातलाच विचार: शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये, दारावर ओंडका घेऊन धडक मारता येऊ नये. लाकडी दारांवर लोखंडी पत्रे ठोकलेले, त्यांवर गोळ्यांच्या खुणा. मी हात लावून बघत होतो तेवढ्यात मागून बायकोचा आवाज आला, “आधी बॅगा, मग बुरूज.”

बॅगांचं म्हणणं रास्त होतं. या दरवाजाच्या आत गाडी जात नाही, सायकलसुद्धा नाही. सामान हातगाडीने, नाहीतर गाढवाच्या पाठीवर. चाकांच्या बॅगा त्या गुळगुळीत झालेल्या दगडी फरशीवर अशा काही खडखडायला लागल्या की शेवटी आम्ही त्या उचलूनच घेतल्या. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने दारात शिरायचं. दोन्हीकडे दगडी घरं, वर कमानी, मध्येच चार पायऱ्या, मध्येच बोगदा. मुक्कामाचं घर समुद्राच्या बाजूला होतं. खोलीचं छत कमानदार आणि भिंत हातभर जाड.

रात्री जेवायला टोमॅटोच्या रसात शिजवलेले मोठे पांढरे वाल आणि सायतिया. ही इथली तळलेली पुरी, आत चीज आणि रानभाजी. शाकाहारी माणसाचे ग्रीसमध्ये हाल होतात असं आम्हाला चार जणांनी सांगितलं होतं. त्या चौघांनी बहुधा मेन्यूकार्ड पुढून मागे वाचलेलं नव्हतं.

शनिवार

आजचा दिवस माझा.

मोनेमवासियाचे दोन भाग आहेत. खाली समुद्रालगत माची म्हणावी असं गाव, तिथे व्यापारी आणि दर्यावर्दी राहायचे. वर 100 मीटर उंचीवरच्या पठारावर बालेकिल्ला, म्हणजे सरदार-दरकदारांची वस्ती. पठाराची लांबी सुमारे एक किलोमीटर, रुंदी 300 मीटरपर्यंत. खालून वर जायला कड्याच्या पोटातून नागमोडी दगडी वाट आहे. पायऱ्या म्हणावं तर पायऱ्या नाहीत, उतार म्हणावं तर उतार नाही. येऊरच्या डोंगरात सकाळी फिरणाऱ्या पायांना ती काहीच नाही, पण नाना दर वळणावर थांबून दृश्याची तारीफ करत होते. दम लागला की त्यांना निसर्ग फार आवडतो.

शेवटच्या वळणावर कमानीचा लांब दरवाजा, पुन्हा लोखंड जडवलेली दारं. त्यातून बाहेर पडलो आणि वाऱ्याने धरलं. खाली गावात वारा असतो, पण घरं आडवी येतात. वर त्याला अडवायला काही नाही. ताईंची टोपी पहिल्याच फटक्यात खालच्या गावाच्या दिशेने गेली. इथून दक्षिणेला मालेआचं भूशिर आहे, ग्रीक खलाशांच्या शिव्याशाप खाल्लेलं. मालेआला वळसा घालणार असाल तर घरदार विसरा, अशी तिकडची फार जुनी म्हण आहे, आणि पुराणकथेतला ओडिसियस घराची वाट चुकतो तोही याच टोकाशी. पठारावर सरळ उभं राहायची खटपट करताना त्या म्हणीत अतिशयोक्ती वाटत नाही.

वर एक चर्च शाबूत आहे, आया सोफिया. बाराव्या शतकातलं, उत्तरेकडच्या कड्याच्या अगदी ओठावर बांधलेलं. आत आठ आधारांवर तोललेला एक मोठा घुमट. तुर्कांच्या काळात तिथे मशीद होती, 1821 नंतर पुन्हा चर्च झालं. चर्चच्या मागे चार पावलं गेलं की खाली सरळ समुद्र. बाकीचं पठार म्हणजे काटेरी झुडपं आणि पडके चौथरे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरचा शेवटचा रहिवासी खाली उतरला आणि त्यानंतर वर कोणी राहिलं नाही.

मला इथेच सगळ्यात घरच्यासारखं वाटलं, हे सांगून टाकतो. सह्याद्रीत फिरणाऱ्याला पडक्या चौथऱ्याची भाषा कळते. इथे जोतं, इथे उंबरा, इथे कोनाडा. आणि कळते ती टाक्यांची भाषा. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली, त्यामुळे कुठल्याही किल्ल्यावर गेलो की मी तोफेआधी टाकं शोधतो. किल्ल्यावर किती शिबंदी राहू शकत होती हे बुरूज सांगत नाहीत, टाकी सांगतात. जंजिऱ्याच्या खाऱ्या वेढ्यात गोड्या पाण्याचे तलाव नसते तर सिद्दीच्या सगळ्या तोफा काय कामाच्या होत्या?

मोनेमवासियाच्या खडकाला झरा नाही, विहीर नाही. सगळं गाव शेकडो वर्षं पावसाच्या पाण्यावर जगलं, आणि तो पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळणारा नव्हे. तिकडे पावसाळा हिवाळ्यात, उन्हाळा ठार कोरडा. म्हणून छप्पर, अंगण, गल्ली, जे काही उघड्यावर आहे त्याचं पाणी कुठे ना कुठे उतरवून घेतलेलं. वर सार्वजनिक टाकी आहेत, त्यांतली काही कमानदार छताची, बंदिस्त. एका फुटक्या टाक्याच्या तोंडातून आत वाकून पाहिलं तर भिंतींना गुलाबीसर गिलावा. जवळून पाहिला आणि नानांना हाक मारली, “नाना, हे बघा, सुरखी!”

चुन्यात विटेची भुकटी घालून केलेला गिलावा. पाण्याखाली घट्ट होतो, गळत नाही, चिरत नाही. आपल्याकडच्या जुन्या बांधकामांत, हौदांत हेच. भाजलेल्या मातीची पूड चुन्याशी पाण्यात धरते हे रोमनांनाही ठाऊक होतं, आपल्या गवंड्यांनाही. सिमेंटच्या जमान्यात आम्ही ते विसरलो आणि मग नोकरीभर गळक्या टाक्यांच्या फायली हलवत बसलो.

नाना म्हणाले, “आमच्या नवी मुंबईला असलं काही करावं लागत नाही. आमचं मोरबे आहे.” हे येणार हे मला ठाऊक होतं. नवी मुंबईचं स्वतःच्या मालकीचं धरण आहे आणि ठाण्याचं नाही, ही गोष्ट नाना लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतात. मी त्यांना सांगितलं की मोरबे खालापूरकडे, नेरूळपासून बरंच लांब. नेरूळला वेढा पडला आणि शत्रूने जलवाहिनी तोडली तर तुम्ही तिसऱ्या दिवशी शरण. यावर त्यांनी नेरूळला वेढा कोण घालणार, असं विचारलं. ताई म्हणाल्या, “बिल्डर.”

वेढा मात्र या खडकाने खरोखर सोसला. चौथ्या धर्मयुद्धात फ्रँक, म्हणजे पश्चिम युरोपातल्या, सरदारांनी कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन साम्राज्याचे लचके तोडले आणि पेलोपोनीज गिळलं. हा खडक तेवढा राहिला. शेवटी गियोम द विलार्दुएँ नावाच्या फ्रँक अधिपतीने जमिनीकडून फौज आणि समुद्राकडून व्हेनिसची गलबतं लावून तो वेढला. वेढा तीन वर्षं चालला. नंतरच्या काळातली एक फ्रँक बखर सांगते की लोकांनी उंदीर आणि मांजरंही खाऊन संपवली. मग 1248 च्या सुमारास तीन घराण्यांच्या प्रमुखांनी किल्ल्या नेऊन दिल्या. बखरकार भुकेचं लिहितो. तहानेचं कुठे लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही. वरच्या टाक्यांजवळ बसून हे वाचून दाखवलं तेव्हा नाना पहिल्यांदाच गप्प होते. कदाचित भूक लागली असेल.

खाली उतरताना उजवीकडे सगळं गाव एकदम दिसतं. लाल कौलं, घुमट, तीन बाजूंनी तट आणि चौथ्या बाजूला कडा, त्यापुढे नुसतं पाणी. हे दृश्य मात्र नानांना दम न लागताही आवडलं.

रविवार

पहाटे पावसाने जाग आली. ऑक्टोबरचा शेवट, पाऊस यायचाच. बाकीचे तिघे पांघरुणात, मी अंगणात.

सुट्टीत पाऊस बघायला इतक्या लांब आलो का, असं बायको नंतर म्हणाली. पण मला जे बघायचं होतं ते पावसाशिवाय दिसलंच नसतं. कौलांवरून पाणी दगडी पन्हळीत, पन्हळीतून भिंतीत बसवलेल्या खापरी नळात, नळातून अंगणाच्या फरशीखाली. घरमालकीण बाई उठून आल्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं ग्रीक साधारण सारख्याच तोलाचं, पण हौदाबद्दल बोलायला भाषा फारशी लागत नाही. त्यांनी अंगणातलं लाकडी झाकण उचललं. खाली काळोख, आणि त्या काळोखात पाणी पडल्याचा आवाज. सगळ्यात तळाला हौद, त्याच्यावर कमानीची खोली, तिच्यावर राहायची जागा. उतारावरचं घर असंच रचत गेलेलं. आमची खोली म्हणजे हौदाच्या डोक्यावरची खोली होती. न्हाणीघरात आता नळ आहे. पण झाडांना अजून हौदाचंच पाणी, असं बाईंनी खुणेने सांगितलं.

ठाण्याला आमच्या सोसायटीत पावसाचं पाणी साठवण्याची योजना कागदावर पूर्ण आहे. भोगवटा प्रमाणपत्रासाठी खड्डा खणला होता. आता त्यावर बॅडमिंटनचं कोर्ट आहे.

दहाच्या सुमारास उघडलं आणि घंटा झाली. गावच्या चौकात ख्रिस्तोस एल्कोमेनोसचं चर्च आहे, म्हणजे बांधून ओढत नेल्या जाणाऱ्या ख्रिस्ताचं. दारावर संगमरवरात कोरलेली मोरांची जोडी. ताईंना ती इतकी आवडली की पैठणीच्या पदराशी तिची तुलना सुरू झाली. समोर जुनी मशीद, तिच्यात आता पुरातत्त्व खात्याचं छोटं संग्रहालय, आणि दोन्हींच्या मध्ये एक तोफ समुद्राकडे तोंड करून. एका नजरेत सगळे मालक दिसतात. बायझंटाइन, फ्रँक, पुन्हा बायझंटाइन, 1464 पासून व्हेनिस, 1540 पासून तुर्क, 1690 पासून पुन्हा व्हेनिस, 1715 पासून पुन्हा तुर्क, आणि 1821 च्या जुलैत चार महिन्यांच्या वेढ्यानंतर ग्रीक. वसईचा किल्ला तीन मालकांत दमला. इथे तर सातबारा लिहायला तलाठ्याला जादा पानं जोडावी लागली असती.

चौकातून खाली समुद्राच्या तटाकडे गेलो. फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या वाटेने, चालता येतं. तटात एक बुटका दरवाजा आहे, पोर्तेलो. वाकून बाहेर पडलं की थेट खडक आणि पाणी. उन्हाळ्यात लोक तिथून पोहायला उतरतात. आज लाटा दारापर्यंत येत होत्या. वेढ्याच्या काळात रात्री एखादी होडी लागत असेल तर इथेच, असा माझा कयास. नानांचा कयास असा की कर चुकवून दारू इथूनच बाहेर जात असेल.

दारूचा विषय अगदीच अस्थानी नव्हता. मध्ययुगात व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी युरोपभर विकलेली मालवासिया नावाची गोड वाइन, तिला नाव मिळालं या बंदरावरून. इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डचा भाऊ, ड्यूक ऑफ क्लॅरेन्स, याला 1478 साली देहदंड झाला, तेव्हा याच वाइनच्या पिंपात बुडवून मारलं अशी कथा आहे. ही कथा कळल्यावर नानांनी रात्री एक ग्लास मागवला आणि मरण वाईट नव्हतं असा निर्वाळा दिला.

संध्याकाळी गावातून दोनदा फिरलो, आणि एक गोष्ट खटकत गेली. दर चौथं दार हॉटेलचं. उरलेल्यांत बदामाच्या मिठाईची, साबणाची, मातीच्या भांड्यांची दुकानं. 1960-70 च्या दशकांत गाव जवळजवळ ओस पडलं होतं, तेव्हा काही वास्तुविशारदांनी एकेक घर जुन्या पद्धतीने उभं केलं. दगड तोच, कौल तेच, खिडकीची मापंही तीच. काम इतकं नेटकं की खोट काढायला जागा नाही. पण शाळा दिसली नाही, वाळत घातलेले कपडे दिसले नाहीत, कोणी कोणाला गच्चीवरून हाक मारली नाही. अर्नाळ्याच्या बेटावर उतरलं की वाळत टाकलेल्या बोंबलांचा वास आधी येतो आणि किल्ला नंतर दिसतो. आपल्याकडे किल्ल्यांची आबाळ होते हे खरंच. बेलापूरच्या किल्ल्याचं काय उरलंय ते नानांच्या घरापासून जवळच दिसतं, आणि ठाण्याच्या किल्ल्यात तर तुरुंग आहे. तरीही अर्नाळ्याला कोणी खोली भाड्याने द्यायला दगड चकाकवून ठेवलेला नाही. बायकोचं मत याच्या उलट. तिच्या मते पडक्या वाड्याचं कौतुक करणाऱ्याने त्यात एकदा राहून दाखवावं. पाहुण्यांच्या पैशाने का होईना, छपरं टिकली आणि हौदात पाणी पडतंय. त्यात काय वाईट आहे? यावर आमचं रात्री उशिरापर्यंत चाललं. निकाल लागला नाही.

सोमवार

पूर्वेकडच्या छोट्या दरवाजातून दीपगृहापर्यंत पायवाट जाते. सकाळी मी आणि बायको जाऊन आलो. वाटेत वारा, काटे आणि एक जाडजूड मांजर, बाकी काही नाही. मग पुन्हा बॅगा उचलून दरवाजापर्यंत, तिथून छोट्या बसने गेफिराला, तिथून मोठ्या बसने स्पार्टाला.

स्पार्टाला बदलीच्या बसला वेळ होता. आजचं शहर 1834 नंतर वसवलेलं, सरळ रस्त्यांचं, कडेला संत्र्याची झाडं. पश्चिमेला डोंगराच्या सोंडेवर मिस्त्रासचा किल्ला दिसतो. तो बांधला आपल्या त्याच विलार्दुएँने, 1249 साली, मोने मावशी ताब्यात आल्याबरोबर. बसची वाट बघताना मी पुढची गोष्ट सांगितली. दहा वर्षांनी, 1259 मध्ये, पेलागोनियाच्या लढाईत त्याचा पराभव झाला. पळून जाऊन तो गवताच्या गंजीत लपला. सैनिकांनी बाहेर ओढला तेव्हा कोण आहे ते कळेना, पण वरचे दात पुढे आलेले होते, त्यावरून ओळखला. मग सुटकेच्या मोबदल्यात त्याला 1262 मध्ये मोनेमवासिया, मिस्त्रास आणि माइना असे तीन किल्ले बायझंटाइन सम्राटाला द्यावे लागले.

“म्हणजे तीन वर्षं वेढा घालून मिळवलेलं दातांपायी गेलं?” नाना म्हणाले आणि नकळत त्यांनी ओठ मिटून घेतले.

ताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही कुठे गवतात लपायला जाऊ नका म्हणजे झालं. आपल्याकडे द्यायला मोरबे सोडून काही नाही.”